सेन्सर चांगला, वायर चांगली. मग इंजिन उकळले कसे?

मे महिन्यातली दुपार. खंबाटकीच्या चढावर किंवा कसाऱ्याच्या घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसते. रेडिएटरमधून वाफ येत असते, घरची मंडळी झाडाच्या सावलीत थांबलेली असतात आणि चालक पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असतो, ‘काटा तर मधोमध होता!’ डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा शेवटपर्यंत ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगत होता आणि इंजिनातले पाणी मात्र उकळत होते.

अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की पाणी आणि पंखा पाहून झाल्यावर तापमानाच्या सेन्सरची तपासणी होते. मेकॅनिक कपलर काढतो, मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजतो. आकडा बरोबर येतो. मग वायरीकडच्या बाजूला मीटरची टोके लावतो. तिथे ५ व्होल्ट येतात, म्हणजे तेही बरोबर. सेन्सर चांगला, वायर चांगली. तरीही खात्रीसाठी नवा सेन्सर बसवला जातो, गाडी चार दिवस नीट चालते आणि पुन्हा एखाद्या चढावर उकळते.

यात मेकॅनिक खोटे बोलत नसतो आणि मीटरही खोटे बोलत नसते. चूक असते ती ‘५ व्होल्ट आले’ या वाक्याचा अर्थ लावण्यात. व्होल्टचा आकडा एकट्या सेन्सरचा कधीच नसतो. सेन्सर, वायर, कपलर, इंजिनाच्या संगणकातला आतला रोध आणि मोजणारे मीटर, या सगळ्यांचा मिळून तो आकडा बनतो. ही साखळी समजून घेतली तर नाहक सेन्सर बदलण्याचा खर्च वाचतो आणि कधी कधी इंजिनही वाचते.

तापले की रोध कमी

गाडीच्या इंजिनाजवळ, शीतक द्रवाच्या म्हणजे कूलंटच्या वाटेवर, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या पोटात थर्मिस्टर नावाचा लहानसा तुकडा असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. थर्मिस्टरचे मात्र उलटे. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. तापमानाबरोबर रोध कमी होण्याचा हा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. मोटारींच्या उद्योगात त्याचा उपयोग पुष्कळ उशिरा झाला आणि इंधनाचे इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक झाल्यावर तो वाढला. १९६७ मध्ये बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही प्रणाली फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली, तेव्हापासून इंजिन किती गरम आहे हे विजेच्या भाषेत कळवणाऱ्या सेन्सरचे महत्त्व वाढत गेले.

सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचे आकडे पाहू. २० अंश सेल्सियसला त्याचा रोध सुमारे २५०० ओहम असतो. ६० अंशांना तो ६०० ओहमच्या आसपास येतो, ८० अंशांना ३२० आणि १०० अंशांना जेमतेम १९० ओहम उरतो. म्हणजे इंजिन थंड असताना शेकडो ओहमांचा फरक पडला तर तापमान थोडेसे बदलते. इंजिन गरम असताना मात्र शंभर-सव्वाशे ओहमांचा फरक म्हणजे २० अंशांचा फरक. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

संगणकाला ओहम दिसत नाहीत

इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला ईसीयू म्हणतात. त्याला रोध थेट मोजता येत नाही; त्याला फक्त व्होल्ट ओळखता येतात. म्हणून ईसीयूच्या आत एक ठरावीक रोधक बसवलेला असतो. त्याचे एक टोक ईसीयूच्या ५ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्याला आणि दुसरे टोक सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीला जोडलेले असते. सेन्सरची दुसरी वायर ईसीयूच्या अर्थला परत येते. म्हणजे एकापाठोपाठ दोन रोध: एक ईसीयूमधला, न बदलणारा, दुसरा सेन्सरमधला, तापमानानुसार बदलणारा. ५ व्होल्ट या दोघांत त्यांच्या रोधाच्या प्रमाणात वाटले जातात आणि सेन्सरच्या वाट्याला आलेले व्होल्ट ईसीयू वाचतो.

समजा ईसीयूमधला रोधक २२०० ओहमचा आहे. इंजिन २० अंशांवर असेल तर सेन्सरच्या वाट्याला सुमारे २.६६ व्होल्ट येतात. ८० अंशांना ०.६३ आणि १०० अंशांना ०.३९ व्होल्ट. ईसीयूच्या स्मृतीत एक कोष्टक साठवलेले असते: इतके व्होल्ट म्हणजे इतके अंश. त्या कोष्टकातून तो तापमान ठरवतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, रेडिएटरचा पंखा कधी चालू करायचा, हे सगळे ठरते.

आता दुसऱ्या एखाद्या गाडीच्या ईसीयूमध्ये २२०० ऐवजी १००० ओहमचा रोधक असेल तर? सेन्सर तोच, तापमान तेच ८० अंश; पण व्होल्ट ०.६३ ऐवजी १.२१. दोन्ही गाड्या निर्दोष आहेत, कारण प्रत्येकीचे कोष्टक तिच्या आतल्या रोधकाला अनुरूप असते. म्हणूनच ‘गरम इंजिनाला सेन्सरवर इतकेच व्होल्ट हवेत’ असा सगळ्या गाड्यांना लागू होणारा नियम नसतो. काही गाड्यांचा ईसीयू तर इंजिन कोमट झाल्यावर आतला रोधच बदलतो, म्हणजे गरम टप्प्यातले बारीक फरक त्याला नीट वाचता येतात. अशा गाडीत इंजिन तापत असताना व्होल्ट हळूहळू उतरतात आणि मध्येच एकदम वर उडी घेतात. ठाऊक नसलेला माणूस ती उडी पाहून सेन्सर बिघडला असे समजतो. वास्तविक ती रचना आहे.

तीनशे ओहमांची भिंत

कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या दमट, खारट हवेत वाढलेल्या गाडीचा कपलर उघडून पाहिला तर पिनांवर हिरवट थर दिसतो. तांब्याच्या मिश्रधातूला पाणी आणि मीठ मिळून चढवलेला तो गंज. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी, गाडी धुताना मारलेला जोराचा फवारा, उंदराने कुरतडलेली वायर, सैल पडलेली पिन. कारण काहीही असो, त्या सांध्यात थोडा जास्तीचा रोध तयार होतो.

समजा तो ३०० ओहमचा आहे. ऐकायला किरकोळ वाटतो. सकाळी इंजिन २० अंशांवर असताना ईसीयूला २५०० ऐवजी २८०० ओहम भासतात आणि तो तापमान १७-१८ अंश समजतो. दोन-तीन अंशांची चूक. कोणाच्या लक्षातही येणार नाही. सकाळी गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पाहिले तरी सगळे ठीक दिसेल.

गाडी तापू लागली की चित्र पालटते. इंजिन खरोखर ८० अंशांवर असताना सेन्सरचे ३२० आणि गंजाचे ३०० मिळून ६२० ओहम होतात. ईसीयूला ०.६३ ऐवजी १.१ व्होल्ट मिळतात आणि तो समजतो, इंजिन अजून ६० अंशांच्या आसपास आहे. इंजिन १०० अंशांवर गेले तर त्याला ६६ अंश दिसतात. १२० अंशांना, म्हणजे वाफा निघायच्या बेतात, त्याला दिसतात ७१-७२ अंश.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. सेन्सर कितीही तापला, अगदी त्याचा रोध शून्य झाला असे मानले, तरी गंजाचे ३०० ओहम शिल्लक राहतातच. कोष्टकात ३०० ओहम म्हणजे सुमारे ८२ अंश. म्हणजे या गाडीच्या ईसीयूला ८२ अंशांच्या वरचे जग दिसणारच नाही. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा सहसा ९० अंशांच्या पुढे चालू होतो. तो चालूच होणार नाही. बऱ्याच आधुनिक गाड्यांत डॅशबोर्डचा काटाही ईसीयूच्याच माहितीवर चालतो आणि साधारण ७५-८० अंशांपासून पुढे बराच वेळ तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. त्यामुळे तोही काही बोलणार नाही. मोकळ्या महामार्गावर समोरून येणाऱ्या वाऱ्याने इंजिन थंड राहील. चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये वेग कमी झाला, पंख्याची गरज पडली, की उकळेल.

धोक्याचा दिवा का लागला नाही, असा प्रश्न इथे पडतो. ईसीयू टोकाच्या चुका सहज ओळखतो. वायर तुटली तर व्होल्ट ५ वर जातात, म्हणजे उणे ४० अंश किंवा त्याहूनही थंड. वायर अर्थला चिकटली तर ० व्होल्ट, म्हणजे अशक्य गरम. या दोन्ही वेळा तो तक्रार नोंदवतो. पण १.१ व्होल्ट हा आकडा अगदी संभाव्य आहे. गाडी नुकतीच सुरू झाली असती तर तोच आकडा खरा असता. बराच वेळ चालूनही इंजिन पुरेसे तापत नाही, असे काही गाड्यांचे ईसीयू टिपतात आणि पी०१२८ हा कोड नोंदवतात. पण त्या कोडचे नाव थर्मोस्टॅटशी जोडलेले असल्याने निर्दोष थर्मोस्टॅट बदलला जातो.

पाच व्होल्ट दिसले, म्हणजे काय दिसले?

आता गॅरेजमधल्या त्या तपासणीकडे परत येऊ. कपलर काढून वायरीवर मीटर लावले तेव्हा ५ व्होल्ट दिसले. वायरीच्या सांध्यात ३०० ओहमचा गंज असताना हे कसे?

इमारतीतल्या पाण्याच्या नळाचे उदाहरण घ्या. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप आतून गंजून अरुंद झाला आहे. सगळे नळ बंद ठेवून खालच्या टोकाला दाबमापक लावले तर दाब पूर्ण दिसेल, कारण पाणी वाहतच नाही. नळ उघडला की बारीक धार येते आणि दाब कोसळतो. अडथळा वाहत्या पाण्यालाच जाणवतो. थांबलेल्या पाण्याला तो असला काय आणि नसला काय.

विजेचेही तसेच. कपलर काढला की सेन्सरमधून जाणारा प्रवाह थांबतो. उरते फक्त मीटर. चांगल्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सहसा १ कोटी ओहम, म्हणजे १० मेगाओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह इतका नगण्य असतो की ३०० ओहमच्या गंजावर व्होल्टचा एक हजारावा भागही खर्ची पडत नाही. मीटर मनापासून ‘५.००’ दाखवते. ईसीयूमधून पुरवठा निघतो आहे, वायर पूर्ण तुटलेली नाही, एवढेच त्या आकड्याने सिद्ध होते. वायर निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही. आणि गंज पिनेच्या मुखावरच असेल, तर कपलर काढल्यावर तो सांधा मोजणीत येतच नाही. नवा सेन्सर बसवताना पिना घासल्या जातात, थर थोडा निघतो, आकडे चार दिवस सुधारतात आणि श्रेय सेन्सरला मिळते.

म्हणून जाणकार वायरमन कपलर न काढता, इंजिन गरम असताना, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टोके लावून मोजतो. सांध्याच्या अलीकडे एक टोक, पलीकडे दुसरे. निर्दोष सांध्यावर जवळपास ० व्होल्ट दिसले पाहिजेत. वरच्या उदाहरणात, इंजिन १०० अंशांवर असताना, त्या एकाच सांध्यावर अर्ध्या व्होल्टहून अधिक आढळेल. चोर जागेवर सापडतो.

दुसरी युक्ती त्याहून सोपी आहे. सेन्सर काढून त्याच्या जागी दुकानात काही रुपयांत मिळणारा ३३० ओहमचा रोधक जोडायचा आणि स्कॅनरवर तापमान पाहायचे. वर सांगितलेल्या प्रकारच्या सेन्सरच्या गाडीत ७९-८० अंश यायला हवेत. ५८ आले तर दोष सेन्सरचा नाही, वाटेचा. किंवा कपलरच्या दोन्ही पिना एका तारेने एकमेकींना जोडायच्या. स्कॅनरवरचा आकडा झपकन सर्वाधिक तापमानाला पोहोचला पाहिजे. तो ८२ ला अडकला तर वाटेत ३०० ओहम दडलेले आहेत. मात्र ही तारेची चाचणी फक्त दोन वायरींच्या तापमान-सेन्सरवर करावी. तीन वायरींच्या सेन्सरवर चुकीच्या पिना जोडल्या तर ५ व्होल्टचा पुरवठाच अर्थला जातो आणि त्या पुरवठ्यावरचे सगळे सेन्सर एकदम आंधळे होतात.

बाजूने फुटलेली वाट

आतापर्यंत पाहिला तो वाटेत आडवा आलेला रोध. याच्या उलट प्रकार म्हणजे सिग्नलच्या वायरीला बाजूने जोडलेले दुसरे उपकरण. बाहेरून बसवलेला मीटर, जुन्या गाडीला नंतर बसवलेले सीएनजी किट, कपलरमध्ये शिरलेले पाणी; हे सगळे सेन्सरला समांतर अशी दुसरी वाट उघडतात आणि थोडा प्रवाह तिकडे वळवतात. किटचा संगणक इंजिनाच्या काही सेन्सरांच्या वायरींतून माहिती घेतो. त्याचा स्वतःचा रोध भरपूर असेल तर त्याची उपस्थिती जाणवत नाही. हलक्या प्रतीच्या उपकरणाचा किंवा ओलाव्याचा रोध कमी असेल तर आकडा बदलतो.

समजा तो १०,००० ओहम आहे. थंड इंजिनावर २५०० ओहमचा सेन्सर आणि त्याला समांतर १०,००० मिळून परिणामी रोध २००० ओहम होतो. ईसीयूला २० ऐवजी २५ अंशांच्या आसपास तापमान दिसते, म्हणजे सकाळी सुरू होताना पेट्रोल गरजेपेक्षा थोडे कमी सोडले जाते. इंजिन ८० अंशांवर गेले की चूक जेमतेम एका अंशाची उरते. म्हणजे वाटेतला गंज गरम इंजिनावर फसवतो आणि समांतर गळती थंड इंजिनावर. ‘गाडी सकाळी त्रास देते की तापल्यावर?’ हा अनुभवी मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, त्यामागे हे गणितही आहे.

मोजणारे मीटर स्वतःच समांतर वाट असते, हे सर्वाधिक जाणवते ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत. सायलेन्सरच्या वाटेवर बसणारा हा सेन्सर १९७६ मध्ये बॉश कंपनीने व्होल्व्होच्या गाड्यांसाठी प्रथम बाजारात आणला. झिर्कोनियापासून बनलेला हा सेन्सर स्वतःच अल्पशी वीज निर्माण करतो: धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट आणि ऑक्सिजन भरपूर असेल तर ०.१ च्या आसपास. पण तो पुरेसा तापेपर्यंत, म्हणजे साधारण ३०० अंशांच्या पुढे जाईपर्यंत, त्याचा आतला रोध प्रचंड असतो.

समजा अर्धवट तापलेल्या सेन्सरचा आतला रोध ५०,००० ओहम आहे आणि त्याला जुन्या काट्याचे मीटर लावले. २.५ व्होल्टच्या पट्टीवर अशा मीटरचा रोध सहसा ५०,००० ओहमच असतो. व्होल्टची निम्मी वाटणी झाली, ०.८ चे ०.४ झाले. मीटरवर ०.४ दिसतेच, पण त्याच वायरीवर कान लावून बसलेल्या ईसीयूलाही ०.४ च मिळते. त्याला वाटते, पेट्रोल कमी पडते आहे. मोजायला गेलेल्या माणसाने इंजिनाचे वागणेच बदलले. १० मेगाओहमचे डिजिटल मीटर लावले असते तर ०.८ पैकी ०.७९६ उरले असते.

गॅरेजमधला बल्बचा टेस्ट लॅम्प तर या कामाला मुळीच चालत नाही. थंड बल्बचा रोध अवघा काही ओहम असतो. हेडलाइट, हॉर्न, फ्यूज तपासायला तो उत्तम. सेन्सरच्या वायरीला लावला तर सिग्नल अर्थलाच गेला म्हणून समजा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तर टेस्ट लॅम्प किंवा मीटर घरगुती प्रयोग म्हणून कधीच लावू नये.

पेडलमधला बारीक केस

अशा किरकोळ वाटणाऱ्या रोधाचा प्रश्न एकदा थेट अमेरिकेच्या अंतराळ संस्थेपर्यंत पोहोचला होता. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये तिथे मोठे वादळ उठले. वाहतूक सुरक्षा यंत्रणेने नासाच्या अभियंत्यांची मदत घेतली. २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या अहवालात, इतका मोठा आणि अनियंत्रित वेग इलेक्ट्रॉनिक दोषामुळे आल्याचा पुरावा सापडला नाही असे म्हटले होते. पेडलमध्ये अडकणाऱ्या पायपुसण्या आणि चिकटून बसणारे पेडल ही यांत्रिक कारणे आधीच पुढे आली होती. मात्र त्या तपासात एका बिघडलेल्या पेडलच्या सेन्सरमध्ये कथलाचा केसासारखा बारीक तंतू वाढलेला आढळला. त्याने पेडलच्या दोन सिग्नलांमध्ये काही शे ओहमांची आडवाट तयार केली होती.

ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ते याच भीतीपोटी. दोघांचे व्होल्ट मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असतात आणि ईसीयू दर क्षणी त्यांचे नाते तपासतो. एकाचा आकडा गंजाने किंवा गळतीने सरकला तर नाते बिघडते आणि ईसीयू इंजिनाची ताकद मर्यादित करतो. तापमानाच्या सेन्सरला मात्र असा जोडीदार बहुधा नसतो. त्याचे खोटे पकडायला दुसरा साक्षीदार नाही.

धूर, छाती आणि ईसीजी

तापमान चुकीचे वाचले तर नुकसान फक्त इंजिनाचे होत नाही. इंजिन थंड आहे असे समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही अंशी सावरून घेतो. पण गाडी सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटे आणि वेग घेतानाचे क्षण त्याच्या हातात पूर्णपणे नसतात. जास्तीचे पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. रंग नाही, वास नाही. पण रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भागही खराब होतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत धुराचे गणित सेन्सरांच्या आकड्यांवर आणखीच अवलंबून आहे. पीयूसीत गाडी नापास झाली आणि इंजिनात दोष सापडत नसेल तर कपलर उघडून पाहणे शहाणपणाचे.

हाच नियम दवाखान्यातही रोज पाळला जातो. ईसीजी काढताना तंत्रज्ञ छातीवर आधी जेल लावतो. हृदयाचा विद्युत संकेत त्वचेवर पोहोचतो तो एक-दोन मिलिव्होल्टचा. कोरड्या त्वचेचा रोध मोठा आणि कमी-जास्त होणारा असतो. जेलमुळे तो उतरतो. यंत्राचा स्वतःचा रोध मात्र मुद्दाम लाखो ओहमांचा ठेवलेला असतो, म्हणजे आधीच क्षीण असलेला संकेत मोजताना त्याने आणखी खाऊ नये. वाटेतला रोध कमी आणि मोजणाऱ्याचा रोध जास्त, हे सूत्र छातीवरच्या इलेक्ट्रोडला लागू आहे तसेच बॉनेटखालच्या सेन्सरलाही.

गाडीवाल्याने काय करावे?

सामान्य चालकाला ओहम मोजायची गरज नाही. काही खुणा मात्र ओळखता येतात. ट्रॅफिकमध्ये बराच वेळ उभे राहूनही रेडिएटरचा पंखा कधीच चालू झालेला ऐकू येत नसेल, गाडी तापल्यावरही पेट्रोलचा वास येत असेल, ॲव्हरेज अचानक घटले असेल, तर काटा मधोमध आहे एवढ्यावर विसंबू नये. वाफ दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. गाडी धुताना इंजिनावर जोराचा फवारा मारू देऊ नये. पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसिंगमध्ये कपलर उघडून, विजेच्या जोडण्यांसाठी मिळणाऱ्या क्लीनरने पिना साफ करून घ्याव्यात. पॉलिश कागदाने घासल्यास पिनेवरचा संरक्षक मुलामा जातो आणि गंज लवकर चढतो.

एकाच सेन्सरचा आकडा चुकत असेल तर दोष सहसा त्याच्याच वाटेवर असतो. दोन-तीन सेन्सर एकदम चुकू लागले तर त्यांची सामाईक अर्थची वायर किंवा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा आधी पाहायला हवा. आणि नवा सेन्सर बसवण्यापूर्वी मेकॅनिकला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘हे ५ व्होल्ट कपलर काढून मोजलेत की जोडलेला असताना?’ जोडलेला असताना, इंजिन गरम असताना मोजले तर मधोमध थांबलेल्या काट्यामागे लपलेले ते ३०० ओहम घाट लागण्यापूर्वीच सापडतात.